सहा ते आठ आठवडे

तीन मिनिटं वीस सेकंद.
पन्नास फूट फितीत तेवढंच मावतं,
सेकंदाला अठरा चित्रं धरली तर.

कायतानच्या बायकोनं कॅमेरा दिला तेव्हा
बॅटरीच्या कप्प्यात हिरवट बुरा साचला होता.
लिंबू चोळून काढला.
कायतान बत्तीस वर्षं बोटीवर होता.
त्यानं काय काय टिपलं
ते कुणी धुऊनच आणलं नाही.

मी आगरवाड्याचं मिठागर घेतलं.
शाबी घेतली, डोक्यावर मिठाची पाटली,
बांधावरून जाताना, पाठमोरी.
तसं तिनंच सांगितलं होतं:
"तोंड आरशांत दिसता गो. चाल खंय दिसता?"

म्हापशाच्या पोस्टात मारियेता चष्म्यावरून बघते.
"भितर कितें आसा?"
फिल्म.
"तातूंत कितें आसा?"
अजून काही नाही, मी म्हणते.
म्हणजे आहे, पण बघायला गेलं तर जातं.
ती 'भेटवस्तू'च्या चौकोनात फुली मारते.
"मोल?"
मी शंभर सांगते, मग लाजून दोनशे.
डब्यावर तांबड्या शाईनं लिहिते, एक्स-रे नको.
ते कोण वाचतं, सायबा जाणे.

जर्मनीहून आधीच कळवलेलं: सहा ते आठ आठवडे.
पुरेशी रिळं जमली की मगच औषध कालवतात,
एकट्यादुकट्यासाठी नाही.
म्हणजे आमची शाबी
कुठल्याशा गार खोलीत, मिट्ट काळोखात,
अनोळखी लग्नांच्या आणि कुत्र्यांच्या रांगेत
पाटली न उतरवता उभी.

पाठवलं तेव्हा शिगमो नुकता उरकला होता.
मग बोंडांचा वास आला नि गेला.
मिठाचे ढीग झावळांनी शाकारले,
ट्रक आले, घासाघीस झाली,
मानशीची दारं उघडून खाडी आत घेतली.
आठ आठवडे. दहा.
शाबी दर शुक्रवारच्या बाजारात विचारी, "आयलें?"
अकराव्या शुक्रवारी नुसत्या भुवया उचलल्या.

सांजाव झाल्यावर दुसऱ्या दिवशी आलं.
भिंतीला चादर ठोकली.
शाबी पाटावर बसली, नवं लुगडं नेसून,
जसं काही तिलाच तिकडून कुणी बघणार होतं.

चादरीवर दुसरीच बाई.
जाड कोट, पाठमोरी,
पांढऱ्या ढिगांमधून चाललेली.
एकदा थांबते, कुणाला तरी मागे हात हलवून नको म्हणते,
पुन्हा चालते.
डब्यावर ४७१.
माझ्या पावतीवर ४१७.

मी बटणाकडे हात नेला.
"राव गो," शाबी म्हणाली. "कितलें मीठ!"
मी म्हटलं, बर्फ आहे.
तिनं ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं.
"दाव्या पांयार भार घालता ती.
माथ्यार कांय ना मगो, म्हणून अशी चलता."
मग बराच वेळ नुसता प्रोजेक्टरचा पंखा.
शेपूट सुटून फटफट वाजायला लागलं तेव्हा म्हणाली,
"तिचीं मनशां सोदतलीं. धाड परत."

आणि तुझं?
"माजें खंय जाता? पळयतात आसतलीं तीं माका.
पळोंव दी."

जाताना तिनं मिठाची पुडी दिली,
वर्तमानपत्राच्या कागदात, पीळ घालून.
मी ती रिळाशेजारी ठेवली.
मारियेतानं चाचपून बाहेर काढली.
"हें वचना."
परत देईल म्हणून मी हात पुढे केला,
तर तिनं खण उघडून पुडी आत टाकली.
"पेजेक जाता."
नवा फॉर्म ओढला.
"मोल?"

मागे रांग वाढत होती.
कुणाच्या तरी पिशवीतून मासळीचं पाणी ठिबकत होतं.
दुसऱ्याचं आहे, मी म्हटलं, मला नाही माहीत.
चौकोन तर टिचभर.
तिनं पेन टेकवलेलंच ठेवलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.